मृगाआधी खाजनाकडे एक फेरी

मे सरत आला की खाजनातल्या, म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतातल्या, शेतकऱ्याने ढगांआधी अमावास्या-पौर्णिमा बघावी. उधाणाची भरती त्याच सुमारास येते आणि बांध कुठे गळतो ते तेव्हाच कळते. भरती पुरी चढली की शेताच्या बाजूने बांधाच्या कडेकडेने चाला. कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळातून पाणी झिरपताना दिसले की तिथे काठी रोवा. ओहोटीला ते बीळ शेवटपर्यंत उकरून चिकणमाती ठासून भरा. वरून बुजवलेले बीळ पुढच्याच उधाणाला तोंड उघडते.

माती बांधाच्या पायथ्यातून खणू नका. पोंयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या पाणी साठणाऱ्या खोलगट भागात, साचलेला गाळ काढा, म्हणजे पाण्यालाही जागा होईल. गाळात भाताचा पेंढा मिसळायचा, एकेक थर तुडवायचा, मग पुढचा. जेसीबीने ओतलेला ढिगारा दिसायला भक्कम, पण पावसात खचतो. नदीकडच्या अंगाला चिरे लावा. बाहेरची चिपी आणि कांदळ ही खारफुटी राहू द्या, लाटांचा पहिला मार तीच झाडे खातात.

मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या कुजल्या असतील तर आत्ताच बदला. भरतीच्या दाबाने दार मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते, एवढेच तिचे काम. आमच्याकडे मासळीच्या लोभाने ऐन भरतीत दार उघडे ठेवल्याचे मी पाहिले आहे. कोळंबी मिळाली एकाला, खारे पाणी शिरले सगळ्यांच्या वाफ्यांत. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव करताना ही अट आधीच घालून घ्यावी.

आता जमिनीबद्दल, कारण घाई इथेच नडते. शेतात हातभर खोल खणून पाहा. वर करडी माती, खाली निळसर काळा चिखल आणि कुजक्या अंड्यासारखा वास. हा चिखल पाण्याखाली असेपर्यंत निरुपद्रवी. उघडा पडून वाळला की त्यातले गंधकाचे क्षार हवेशी मिळून आम्ल तयार होते. मातीत पिवळट डाग, पाण्यावर तांबूस तवंग आणि भाताची मुळे आखूड. थंड देशांतल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, दलदलींचेही दुखणे असेच सुरू होते: पाणी काढले की शतकानुशतके साठलेला सेंद्रिय थर हवेत कुजू लागतो आणि जमीन खचते. म्हणून खाजनात खोल चर खणू नका, नांगर उथळच चालवा. बांधकामाचा राडारोडा टाकून एखादा तुकडा भरून काढणे तर अजिबात नको; तिथले पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात जाते.

पहिल्या पावसाचे पाणी शेतात अडवून ठेवू नका. ते ओहोटीला मानशीतून बाहेर सोडा, पुन्हा भरू द्या, पुन्हा सोडा. मीठ आणि आम्ल दोन्ही असेच धुऊन निघतात. जुनी माणसे पाणी जिभेला लावून पाहतात. शंका असेल तर मातीचा नमुना कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत द्या आणि चुन्याचे प्रमाण तिथूनच विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका.

बियाणे कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या जुन्या भाताचेच घ्या, किंवा जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडलेले गोवा धान 1 किंवा 2. ज्योती, जया या भाताच्या जाती गोड्या पाण्याच्या शेतात ठीक, खाजनात पैसे बुडतील. बी भिजवून पेंढ्यात बांधून ठेवा आणि कोंब फुटले की फेका, पण खारटपणा उतरल्यावरच. चार दिवस उशीर झाला तरी हरकत नाही.