मोठे टायर लावलेत, मग ब्रेकचा हिशोब आधी करा

२८ इंची टायर काढून ३५ इंची लावले की त्याच ब्रेकची गाडी थांबवायची ताकद २० टक्क्यांनी घटते. ती भरून काढायला चाकावर २५ टक्के जास्त टॉर्क लागतो. मग मोठी डिस्क आणि मोठ्या पिस्टनचं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) येतं, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) मात्र जुनाच राहतो. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, ते जुना सिलिंडर पुरवू शकत नाही आणि पेडल खोल जातं. उलट मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) फार मोठा घेतला तर पेडल दगडासारखं लागतं, कारण तेवढ्याच जोराला दाब कमी तयार होतो. १ इंचावरून ७/८ इंचावर आलात तर दाब साधारण ३० टक्के वाढतो, पण पेडलचा प्रवासही तेवढाच वाढतो. म्हणून कॅलिपर आणि सिलिंडर जोडीनेच निवडा.

खरेदीआधी बूस्टरच्या (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा) नळीला व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला १८ इंच (पाऱ्याचे, व्हॅक्यूम मोजायचं माप) मिळालं तर उत्तम. हाय-लिफ्ट कॅममुळे (इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट) ते १६च्या खाली गेलं, तर मोठा व्हॅक्यूम बूस्टर घेऊनही मदत अपुरी पडू शकते. तिथे पॉवर स्टीअरिंग पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर बरा. डिझेल इंजिनावर व्हॅक्यूम बूस्टर ठेवायचा तर व्हॅक्यूम पंप लागतोच.

पाइप जोडण्याआधी कॅलिपर बसवून रिम चढवा आणि हाताने फिरवून बघा. रिम आणि कॅलिपरच्या फटीत खडा अडकला तर रिमच कापली जाते. हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं तर निपल खाली येतं, आणि मग दिवसभर पंप करा, हवा निघत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे बूस्टरचा पुशरॉड, मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी. टोकावर प्लॅस्टिसिनची गोळी ठेवा, सिलिंडर बोल्टने आवळा, पुन्हा काढा आणि चेपलेली जाडी मोजा. साधारण अर्धा मिलिमीटर हवी. नेमका आकडा बूस्टरच्या मॅन्युअलात बघा. रॉड लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं छिद्र बंदच राहतं, आणि तापून फुगलेलं ऑइल ब्रेक धरून ठेवतं. थोडं चालवल्यावर डिस्कचा जळका वास येतो तो असा.

होज पाइपची लांबी सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबकळवून आणि स्टीअरिंग दोन्हीकडे टोकाला वळवून ठरवा. बॅन्जो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दर वेळी दोन नवे तांब्याचे वॉशर. डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर (पाइपच्या फुलवलेल्या टोकाचे दोन आकार) एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आवळून गळती थांबवायचा प्रयत्न करू नका. मागचं चाक आधी लॉक होत असेल तर मागच्या लाइनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) टाका.

मास्टर सिलिंडर गाडीत बसवण्याआधी त्यातली हवा टेबलावरच काढा. मग चाकांची, सर्वांत लांबच्यापासून. ऑइल डॉट ४ चालेल. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा: पाय किंचित खाली गेला तर बूस्टर चालू आहे. पॅड बसवायला मोकळ्या जागी ५० वरून १० किलोमीटरच्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा आणा, पण पूर्ण थांबू नका. गरम डिस्कवर पॅड दाबून ठेवला की त्याचा डाग उमटतो आणि पेडल थरथरायला लागतं.