फिजिओथेरपीला जाताना: कुठल्या दुखण्याला काय मिळतं आणि काय मागून घ्यायचं

नाशिकमध्ये गंगापूर रोड, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही जा, फिजिओथेरपीच्या पाटीवर दोन याद्या असतात. एक दुखण्यांची: मान, कंबर, गुडघा, फ्रोजन शोल्डर, लकवा. दुसरी मशिनांची: आयएफटी (वेदनेवर करंट देणारं मशीन), अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन, लेझर. पेशंट दुसरी यादी बघून क्लिनिक निवडतो आणि तिथेच फसतो. मशीन वेदना थोडी खाली आणतं. त्या वेळात सांधा हलवणं आणि स्नायूला ताकद देणं हा खरा उपचार. ‘दहा सिटिंग घेतल्या, फरक नाही’ म्हणणाऱ्याला घरी कुठले व्यायाम दिले होते असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

आधी डॉक्टरकडे जायचं ते कधी

कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही न थांबणारी वेदना असेल तर आधी तपासण्या. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, दुखायला लागली, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे निघेपर्यंत कुणालाही, हाडवैद्यालासुद्धा, पाय ओढू देऊ नका.

पहिला दिवस

एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि मधुमेह असेल तर शेवटचा रिपोर्ट न्या. गुडघ्यासाठी ढगळ, मांडीपर्यंत वर जाणारे कपडे. खांद्यासाठी पुढून उघडणारा सैल शर्ट किंवा कुडता.

पहिली तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची असावी. सांधा किती अंश वळतो ते गोनिओमीटरने मोजतात, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये लिहितात, बधिरपणा आहे का ते बघतात, वेदनेला दहापैकी आकडा विचारतात. हे आकडे तुमच्या कागदावर लिहून मागा. पाच-सहा सिटिंगनंतर तेच पुन्हा मोजायचे. आकडा जागचा हलला नसेल तर उपचार बदलायला हवा, आणि हे चांगला थेरपिस्ट स्वतःहून सांगतो. हात न लावता, फक्त एमआरआय वाचून करंट लावला, तर दुसरं क्लिनिक बघा. चकती फुगल्याचं, म्हणजे ‘गादी सरकल्याचं’, न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही दिसतं.

खांदा

केस विंचरता येत नाहीत, पाठीमागे हूक लागत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. हे फ्रोजन शोल्डर असेलच असं नाही. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुसऱ्याने हळूच फिरवून पाहिलं तरी तिथेच अडतो, तर सांध्याची पिशवी आखडली आहे, म्हणजे फ्रोजन शोल्डर. दुसऱ्याने हात वर नेला तर जातो, पण तुम्हाला उचलता किंवा धरून ठेवता येत नाही, तर खांद्याचा स्नायूबंध फाटलेला असू शकतो. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल. दोन्हींचे व्यायाम वेगळे, म्हणून हा फरक आधी.

आखडलेला खांदा मधुमेहींत जास्त दिसतो आणि सुटायला एक ते तीन वर्षंही घेतो. पहिले काही महिने नुसती वेदना वाढत जाते. या टप्प्यात हात जोरात वर ओढणं ही सगळ्यात मोठी चूक. त्या रात्री झोप जाते आणि पेशंट हात हलवायचाच थांबतो. तेव्हा फक्त झोका. टेबलाला चांगल्या हाताने टेकून कमरेतून वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि अंगाच्या डोलण्याने तो पुढे-मागे, मग गोल फिरू द्या. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. हात स्वतः फिरवत असाल तर चुकतंय.

वेदना बसली आणि आखडलेपण उरलं की काठी घ्या. उताणे झोपा, दुखऱ्या बाजूच्या दंडाखाली घडी घातलेला टॉवेल, कोपर काटकोनात. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या, ओढ लागेल तिथे वीसेक सेकंद थांबा, असं पाच वेळा. मग भिंतीवर बोटांनी चढणं. खांदा कानाकडे उचलला गेला की हात वर गेल्यासारखा दिसतो, सांधा मात्र हललेला नसतो. म्हणून आरशासमोर करा.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या विरळणीत आणि डिपिंगमध्ये, म्हणजे घड द्रावणात बुडवताना, तासन्‌तास हात डोक्याच्या वर असतात, तेव्हा मान आणि खांदे भरून येतात. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत कात्री दाबून कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ बसते, तीच टेनिस एल्बो. नुसत्या पट्ट्याने ती जात नाही. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचला आणि चार-पाच सेकंद घेत आपल्याच ताकदीने खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. आणि कात्रीला धार लावा, स्प्रिंगला तेल द्या. बोथट कात्री असेल तर कुठलीच सिटिंग पुरणार नाही.

कंबर, टाच आणि ‘नस दबली’

नस दबून पायात उतरणाऱ्या कळेत एक खूण लक्षात ठेवा. व्यायामानंतर पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कमरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर. उलट कळ खाली सरकत पावलात गेली की तो व्यायाम बंद करून कळवा. अंथरुणावर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. कमरेचा पट्टा प्रवासाला, जड कामाला, दिवसभर नाही. ‘वजन लावणं’, म्हणजे ट्रॅक्शन, काहींना बरं वाटतं, पण केवळ त्यावर दहा दिवस काढू नयेत.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काँक्रीटवर उभं राहून टाच धरते, सकाळचं पहिलं पाऊल काट्यावर पडल्यासारखं होतं. त्याला पोटरी आणि तळव्याचं ताणणं, मऊ टाचेचे बूट आणि बर्फाच्या बाटलीवर पाऊल फिरवणं. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर खिशातून पैसे घालण्याआधी ईएसआयच्या रुग्णालयात विचारा.

गुडघा

झिजलेल्या गुडघ्याला मांडीचा पुढचा स्नायू सांभाळतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर सरळ पाय फूटभर उचलणं, मग खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं तर चालेल. सूज आली तर फेऱ्या निम्म्या करा. सप्तशृंगीला किंवा पांडवलेणीला जाणार असाल तर गुडघा जास्त बोलतो तो उतरताना: कठड्याला धरा, दुखरा पाय आधी खाली टाका. गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिची लाज नको.

गुडघा बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांत ९० अंश वाकणं आणि पूर्ण सरळ होणं ही दोन लक्ष्यं असतात. घरचे लोक प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात आणि पाय कायमचा थोडा वाकडा राहतो. उशी टाचेखाली द्यायची.

लकवा

तब्येत स्थिर असेल तर हॉस्पिटलमध्येच एक-दोन दिवसांत हालचाल सुरू होते. घरी आल्यावर चुका होतात त्या उचलण्यात. काखेत हात घालून किंवा लुळ्या हाताला धरून कधीच उठवू नका. खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. बसवताना तो हात उशीवर ठेवा. झोपेत दर दोन तासांनी कूस बदला. मुठीत रबरी चेंडू देण्याची पद्धत सर्रास आहे. बोटं आधीच आत वळत असतील तर त्याने ताठरपणा वाढू शकतो. तिथे बोटं उघडण्याचा सराव हवा. पहिले तीन ते सहा महिने सुधारणा वेगात होते, म्हणून होम व्हिजिटवर पैसे घालायचे तर तेव्हा. थेरपिस्ट तासभर येतो, उरलेला दिवस घरच्यांचा. एकाने त्याच्यासमोर सगळं करून दाखवून शिकून घ्यावं.

चेहऱ्याचा लकवा असेल तर आधी डॉक्टर, कारण स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं. शिवाय डोळा मिटत नसतो, तो कोरडा पडू देऊ नका. कूस बदलताना येणारी चक्कर, बाळंतपणानंतर खोकताना सुटणारी लघवी, उशिरा चालणारी मुलं, न्यूमोनियानंतरची धाप, ही कामंही फिजिओचीच. फक्त त्यातलं शिक्षण घेतलेला शोधावा लागतो.

मशीन लावण्याआधी सांगायच्या गोष्टी

पेसमेकर, गर्भारपण, शरीरातला रॉड किंवा प्लेट, कॅन्सर, बधिर पाय. विचारलं नाही तरी सांगा. पेसमेकर असेल तर करंटची मशिनं नकोत. धातूवर शॉर्टवेव्ह मशीनचा शेक चालत नाही, आत भाजतं. बोटांच्या सांध्यांना दिला जाणारा मेणाचा शेक साधारण ५२ ते ५४ अंश सेल्सियसचा असतो. मधुमेहाने बधिर झालेल्या कातडीला चटका बसतो तो घरी गेल्यावर फोड आला की कळतो. अल्ट्रासाउंडचं डोकं एका जागी थांबलं आणि आत खुपलं तर लगेच बोला, ते सतत फिरतं हवं.

माणूस आणि पावती

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. तिथली बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाची, त्यावर एमपीटी ही पदव्युत्तर पदवी. काही आठवड्यांच्या मसाजच्या कोर्सवर थेरपिस्ट होता येत नाही. राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असावा. वीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. पाच-सहा घ्या, मोजा, मग ठरवा. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस अनेक विमा पॉलिसींमध्ये बसतात. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर सर्जनने फिजिओथेरपी लिहिलेली असावी, आणि प्रत्येक पावतीवर तारीख, सही आणि तोच नोंदणी क्रमांक.