नेट बंद पडलं? केबलवाल्याला फोन लावायच्या आधी एवढं बघून घ्या

घरातलं नेट गेलं की आपल्याकडे काय होतं, एकजण राऊटरचं बटण बंद-चालू करत बसतो आणि दुसरा केबलवाल्याला फोनवर फोन लावतो. त्याचा फोन लागत नाही कारण त्याच टायमाला अर्ध्या पेठेतनं त्याला फोन चालू असतात, आणि लागला तरी तो पहिलं विचारतो "लाईट कुठली लागलीय?" आणि तेच आपल्याला सांगता येत नाही. मग तो म्हणतो बघतो, संध्याकाळी पोरगा पाठवतो, आणि पोरगा आला की त्याच्याकडे नेमकं लागणारं मशीन नसतं. दिवस गेला. म्हणून सांगतोय, बिघाड घरात आहे, बाहेरच्या वायरीत आहे का रिचार्जमध्ये आहे एवढं आपलं आपल्याला कळलं पाहिजे, आणि ते कळायला कम्प्युटर शिकलेलं असायची काहीच गरज नाही, दिवे बघता आले की झालं. हे सगळं फायबरच्या कनेक्शनसाठी लिहितोय, आता जुळे सोलापूर म्हणा, विडी घरकुल म्हणा, बहुतेक घरात तेच आहे.

पहिल्यांदा मोबाईलचा डेटा बंद करा. हे लोक विसरतात. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो, व्हॉट्सॲप चालू राहतं, आपल्याला वाटतं नेट आलं, आणि टीव्ही मात्र गोल गोल फिरत बसतो. डेटा बंद करूनच पुढचं सगळं तपासा.

दुसरं, रिचार्ज. आपल्याकडे बरेच जण सहा महिन्याचं नाहीतर वर्षाचं पॅक एकदम मारतात, स्वस्त पडतं म्हणून, आणि मग तारीख कोण लक्षात ठेवतंय. पॅक संपलं की वायफाय कनेक्टेड दिसतं, दिवे जवळपास सगळे व्यवस्थित असतात, फक्त नेट नसतं, कधी कधी ब्राउझर उघडला की थेट पैसे भरायचं पान येतं. कंपनीच्या ॲपमध्ये नाहीतर जुन्या मेसेजमध्ये तारीख बघा. आणि नेट एकदम बंद नाही पण मुंगीच्या चालीनं चाललंय असं असेल तर महिन्याचा डेटा संपून स्पीड कमी केलेला असू शकतो, तेही ॲपमध्येच दिसतं.

आता डब्बा. भिंतीवरचा तो पांढरा नाहीतर काळा डब्बा, ज्याच्यात बाहेरची बारीक वायर येते, त्याला ओएनयू म्हणतात, कोण ओएनटी म्हणतं, सगळे मॉडेम म्हणतात. काही घरात हाच राऊटर पण असतो, काही घरात राऊटर वेगळा. एकपण दिवा लागत नसेल तर आधी प्लग, बोर्डाचं बटण, दुसऱ्या बोर्डात लावून बघणं. तरी नाही लागला तर ॲडॅप्टर गेला असं धरून चाला. ॲडॅप्टर अर्धवट गेलेला ओळखायची खूण म्हणजे दिवे लागतात, दोन मिनिटं नेट चालतं, परत सगळे दिवे जातात, परत लागतात. दुसरा ॲडॅप्टर लावायचा तर त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा, ओएनयूचा बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो. व्होल्ट तेवढाच पाहिजे, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. सेट टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका, पिन बसणं आणि व्होल्ट जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हाळ्याचं पण सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि वर पत्रा असला तर घरात विचारूच नका, अशा वेळी राऊटर शोकेसमध्ये बंद करून, नाहीतर टीव्हीच्या मागं सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवला तर दुपारी तो हँग होणारच. मोकळ्या हवेत ठेवा, वरती रुमाल, विणलेलं कव्हर काही टाकू नका. दुपारी नेट जातं आणि रात्री आपोआप येतं असं होत असेल तर आधी डब्ब्याला हात लावून बघा किती तापलाय.

रिस्टार्ट सगळेच करतात पण घाईत करतात. बटण बंद केल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या. दोन डब्बे असतील तर दोन्ही बंद करा, मग आधी फायबरवाला चालू करा, त्याचे दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, ते झाल्यावर राऊटर. एवढं एकदाच नीट करा. दहा वेळा बंद-चालू करून काही वेगळं होत नाही.

आता मेन गोष्ट, दिवे. डब्ब्यावर बारीक अक्षरात पॉन, एलओएस, इंटरनेट, लॅन, वायफाय असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं होतात. पॉन हिरवा आणि स्थिर म्हणजे केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या घरापर्यंत वायर धड आहे. पॉन लुकलुकत राहिला म्हणजे उजेड पोचतोय पण तिकडची मशीन तुमच्या डब्ब्याला ओळखत नाही, नाहीतर उजेड लई कमी पोचतोय. आणि एलओएस लाल लुकलुकत असेल तर उजेडच येत नाही, वायर कुठंतरी तुटलीय, निघालीय नाहीतर दुमडलीय. पॉन ठीक पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद, तर वायरीचा दोष नाही, रिचार्ज, आयडी-पासवर्ड किंवा त्यांच्या सर्व्हरचं काम आहे. सगळं हिरवं आणि तरी नेट नाही, तर घरातच शोधा.

एलओएस लाल दिसला की लगेच फोन करू नका, आधी डब्ब्याच्या मागं बघा. फायबर म्हणजे आत काचेचा धागा असतो, केसाएवढा बारीक, त्यातनं लेझरचा उजेड येतो. तांब्याची वायर दुमडली तरी करंट जातो, इथं तसं नाही, काटकोनात वळली की उजेड वळणावरच बाहेर निसटतो. घरात झाडलोट झाली, कपाट सरकवलं, दिवाळीचा रंग काढला, पोरांनी कॉट ओढली, या सगळ्यात ती पिवळी नाहीतर पांढरी बारीक वायर कशाच्या तरी मागं चेपते. बोटानं हळूहळू चाचपत डब्ब्यापासून भिंतीच्या भोकापर्यंत जा. कुठं दाबली गेली असेल तर मोकळी करा आणि एका पेल्याच्या तोंडाएवढं तरी गोल वळण राहू द्या. मग डब्ब्यात घुसलेली हिरवी पिन बघा, चौकोनी प्लॅस्टिकची असते, ती अर्धवट निघालेली असली तरी लाल लागतो. सरळ आत दाबा, टक् असा आवाज येतो. ती ओढून काढायची वेळ आलीच तर टोकाला बोट लावायचं नाही आणि तोंडाची फुंकर मारायची नाही, आपल्या हाताचं तेल आणि फुंकरीतली ओल त्या टोकावर बसते आणि उजेड अजून कमी होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उजेड येतोय का म्हणून पिनेत डोळा लावून बघू नका. तो लेझर डोळ्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पोरांना तर आवर्जून सांगा.

एवढं करून एलओएस लालच राहिला तर काम बाहेरचं आहे, तुमच्या हातात नाही. शेजाऱ्याला विचारा, त्याचं पण गेलं असेल तर मोठी लाईन तुटलीय, तुमचं एकट्याचं गेलं असेल तर खांबापासून घरापर्यंतची वायर. सोलापुरात कारणं नेहमीचीच आहेत, पाइपलाइनसाठी नाहीतर ड्रेनेजसाठी रस्ता खोदला, फांद्या तोडल्या, मोठा ट्रक खाली लोंबणारी वायर घेऊन गेला, वाऱ्यानं पत्रा उडून वायरीवर पडला. उंदीर पण कमी नाहीत. अजून एक, कॉलनीत लाईट गेली आणि तुमच्या इन्व्हर्टरवर डब्बा चालू आहे तरी लाल लागला, तर केबलवाल्याच्या मशीनची लाईट गेली असू शकते, काही ठिकाणी ती मशीन कुणाच्या तरी गच्चीवर ठेवलेली असते. लाईट आल्यावर आपोआप येईल, नाही आलं तर मग फोन.

फोनवर काय सांगायचं ते नीट सांगा. "नेट चालू नाही हो दादा" एवढ्यानं त्याला काहीच कळत नाही. असा मेसेज टाका: "दादा, पॉन बंद, एलओएस लाल लुकलुकतोय, काल संध्याकाळी वारं आलं तेव्हापासून, घरात वायर कुठं दुमडलेली नाही, पिन नीट बसवली, वरच्या मजल्यावरच्यांचं चालू आहे." सोबत दिव्यांचा फोटो. असा मेसेज वाचला की माणसाला कळतं जोडायचं मशीन घेऊनच जायला पाहिजे. आला की त्याला पॉवर मीटर, म्हणजे वायरीतला उजेड मोजायचं यंत्र, लावून आकडा दाखवायला सांगा, तो वजामध्ये असतो. वजा १८-२० च्या आसपास असला की मस्त, वजा २७ च्या खाली, म्हणजे वजा २८-२९ असा, गेला की आज चालेल आणि उद्या परत जाईल. जोडणी करून तो निघाला की आपण चहा देऊन मोकळे होतो, पण आकडा बघितल्याशिवाय त्याला सोडू नका, परत परत जाणाऱ्या नेटचं कारण बऱ्याचदा तिथंच असतं.

आता दिवे सगळे हिरवे, तरी नेट नाही. एकाच फोनवर नाही का सगळ्यांवर नाही ते बघा. एकाच फोनवर असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या वायफायला 'विसरा' (फरगेट) करून परत पासवर्ड टाका. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरनं तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सोय; अँड्रॉइडमध्ये सेटिंगला प्रायव्हेट डीएनएस म्हणून असतं, जाहिराती बंद करायला कुणीतरी तिथं काही तरी भरून ठेवलेलं असतं, ते ऑटोमॅटिकवर करा, बऱ्याच फोनचं नेट तिथंच अडकलेलं असतं. सगळ्यांवर नसेल तर लॅपटॉप लॅन वायरनं थेट डब्ब्याला लावून बघा. वायरनं चाललं तर दोष वायफायचा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही, राऊटर रिस्टार्ट करा, लॅन वायर बदलून बघा, तिची क्लिप तुटलेली असली की ती सैल बसते.

व्हॉट्सॲप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर बहुतेक डीएनएसचं लफडं. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि दुसरा १.१.१.१ टाका, पहिला गुगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही फुकट. टाइप करताना आकडे इंग्रजीत टाकायचे. आणि एकच साइट उघडत नसेल, बँकेची म्हणा नाहीतर रिझल्टची, तर तुमचं नेट धड आहे, ती साइटच बसलीय.

आतल्या खोलीत पोचत नाही ही तक्रार वेगळी. जुन्या पेठांमधली घरं, दगडी नाहीतर मातीच्या जाड भिंती, त्यातनं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही, ते फास्ट असतं पण जवळच्या जवळ. लांबच्या खोलीसाठी त्याच राऊटरचं २.४ गिगाहर्ट्झवालं जोडा. अपार्टमेंटमध्ये उलटं, सगळ्यांचे राऊटर २.४ वर एकमेकाच्या अंगावर, तिथं राऊटरजवळ बसून ५ वापरा, आणि २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी मोकळं असेल ते ठेवा.

आता एक कळकळीची विनंती. डब्ब्याच्या मागं बारीक भोकातलं जे रिसेट बटण असतं, टाचणीनं दाबायचं, त्याला हात लावू नका. ते रिस्टार्टचं बटण नाही. ते दाबलं की केबलवाल्यानं भरलेला युजर आयडी, पासवर्ड, व्हीलॅन (त्यांच्या लाईनची सेटिंग) सगळं पुसलं जातं, आणि चांगलं चाललेलं कनेक्शन पण तो येईपर्यंत बंद. व्हिडिओमध्ये बघून पोरं हे करतात. नेट चांगलं चालू असतानाच डब्ब्याखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि तुमचा आयडी-पासवर्ड केबलवाल्याकडनं मागून कुठंतरी लिहून ठेवा.

दोन-तीन दिवस झाले तरी कुणी येत नसेल तर तोंडी सांगत बसू नका. कंपनीच्या ॲपवर नाहीतर कस्टमर केअरला तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, तो नंबर नसला तर पुढं कुणी विचारत नाही. तिथं नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं, आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच. बंद राहिलेल्या दिवसांची मुदत वाढवून मागा, लोकल केबलवाला असला तरी मागा, नीट मागितली तर बरेच जण देतात.

आणि वळवाच्या पावसाचं. संध्याकाळी ढग दाटून वीज चमकायला लागली की ॲडॅप्टर बोर्डातनं काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेच्या धाग्यातनं करंट येत नाही, पण ज्यांच्याकडे अजून गच्चीवरनं जुनी लॅन वायर येते त्यांनी ती पण राऊटरमधनं काढा, ती तांब्याची आहे, वीज जवळपास पडली की राऊटर आणि त्याला वायरनं जोडलेला टीव्ही दोन्ही जातात. हात कोरडे असू द्या, आणि हे काम ढग गडगडायच्या आधी करा, डोक्यावर वीज कडाडत असताना वायरीला हात लावू नका.