एमएस्सी प्रोजेक्टला अर्क आणि कॅन्सरच्या पेशी घेताय? आधी माझी पहिली प्लेट बघा

प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की निम्म्या वर्गाला औषधी वनस्पतीचा अर्क ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचा असतो, मलाही तेच करायचं होतं, आणि मी आटपाडीची, त्यामुळं वनस्पती शोधत फिरायचा प्रश्नच नव्हता, डाळिंबाची साल आमच्याकडं कधीही मिळते. यंदा जे हा विषय घेणारेत त्यांच्यासाठी लिहितेय.

अर्काचं काम अवघड नाही. साल धुवून सावलीत वाळवायची, भरड काढायची, सॉक्सलेटला (गरम द्रावकानं पुन्हा पुन्हा अर्क काढायचं काचेचं उपकरण) मिथेनॉल लावायचं आणि मग रोटरीवर (कमी दाबाखाली द्रावक उडवायचं यंत्र) ते सगळं उडवायचं. सगळं म्हणजे सगळं, कारण थोडं जरी राहिलं तर पेशी मिथेनॉलनं मरतील आणि तुम्ही श्रेय सालीला द्याल. वनस्पतीची ओळख पटवल्याचं सर्टिफिकेट पहिल्याच आठवड्यात घ्या, शेवटी पळापळ होते. आणि चांदोली-कोयनेकडची जंगली वनस्पती घेणार असाल तर परवानगीशिवाय एक फांदीसुद्धा तोडू नका. नरक्या या झाडाचं काय झालं बघा, त्यात कॅम्पटोथेसिन नावाचं रसायन असतं, टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं त्याच रेणूत बदल करून बनली, पण आपल्या सह्याद्रीतली नरक्याची झाडं लोकांनी बेसुमार तोडली.

पेशींचं काम मी पुण्याच्या एका लॅबमध्ये केलं, आमच्याकडं पेशी वाढवायचा सीओटू इन्क्युबेटर नव्हता. एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी १९७० मध्ये अमेरिकेत एका ६९ वर्षांच्या ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतल्या होत्या. ती बाई गेली पण तिच्या पेशी अजून जगभर वाढतायत, ३७ डिग्री आणि ५ टक्के सीओटूमध्ये, फ्लास्क हातात घेताना मला दरवेळी तिची आठवण यायची.

आता मुख्य गोष्ट, एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायची चाचणी. ९६ वेल्सच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये पेशी टाकायच्या, एक दिवस चिकटू द्यायच्या, मग डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला अर्क वेगवेगळ्या डोसमध्ये द्यायचा, डीएमएसओ शेवटी अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवायचं आणि तेवढंच डीएमएसओ घातलेले बिनअर्काचे वेल्सही लावायचे. नंतर पिवळं एमटीटी घातलं की जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग. जास्त जांभळं म्हणजे जास्त जिवंत, असं सगळे शिकवतात.

माझ्या पहिल्या प्लेटमध्ये सगळ्यात जास्त डोसचे वेल्स सगळ्यात गडद जांभळे आले, अर्क न दिलेल्या पेशींपेक्षाही गडद! हिशोब केला तर शंभर टक्क्यांच्या वर पेशी जिवंत. मी रडकुंडीला आले. पण एमटीटी घालायच्या आधी मायक्रोस्कोपखाली मी स्वतः बघितलं होतं, त्याच वेल्समधल्या पेशी गोल होऊन तळ सोडून तरंगत होत्या. दोन्ही खरं कसं असेल? तिथल्या एका सीनियर ताईनं विचारलं, "पेशीच नाहीत असा वेल लावलास का गं? नुसता अर्क आणि एमटीटी?" लावलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला आणि पेशी नसतानाही तो जांभळा झाला. डाळिंबाच्या सालीत पॉलिफेनॉल भरपूर, ते स्वतःच एमटीटीचा रंग बदलतात, पेशींची गरजच पडत नाही. म्हणून प्रत्येक डोसला बिनपेशींचा वेल ठेवा, एमटीटीच्या आधी अर्काचं मीडियम काढून पीबीएसनं (पेशींना न दुखावणारं मिठाचं द्रावण) हळूच धुवा, आणि जमलं तर एसआरबी या दुसऱ्या रंगाच्या चाचणीनं पडताळा, त्यात रंग पेशींच्या प्रोटीनला चिकटतो.

सोबत तुलनेला डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध लावा, आणि एक तरी नॉर्मल पेशींची लाइन हवीच. सगळंच मारणारा अर्क म्हणजे नुसतं विष झालं. आयसी-५० (निम्म्या पेशींना रोखणारा डोस) चांगलं आलं तरी ते प्लेटमधल्या पेशींचं आहे, माणसाच्या पोटात, लिव्हरमध्ये त्या अर्काचं काय होतं ते त्या आकड्यात नसतं.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगते कारण दिवाळीत गावी गेले तर शेजारच्या काकींनी हळूच विचारलं, सुनेला छातीत गाठ लागतेय, तू ती साल उकळून देतेस का? माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं काकी, सालीचं नाव पण काढू नका, उद्याच सांगलीला डॉक्टरांना दाखवू. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी गेलो.