बेसमेंटच्या बाथरूमचा जुना इजेक्टर पंप बदलताना

न्यू जर्सीत आम्ही घर घेतलं तेव्हा बेसमेंटला फुल बाथरूम आहे म्हणून फार आनंद झाला होता, आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहतात त्यांची हक्काची खोली झाली. पण बेसमेंटला बाथरूम म्हटलं की कोपऱ्यातल्या त्या गोल झाकणाखाली पंप आलाच. घरातून गटाराची लाइन बाहेर पडते ती बेसमेंटच्या फरशीच्या वरून, त्यामुळे खालच्या कमोडचं पाणी उताराने जाऊच शकत नाही, ते आधी खड्ड्यात जमतं आणि पंप वर ढकलतो. पंप गेला की हीच घाण सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे शॉवरच्या जाळीतून वर येते. आमच्याकडे बाबा आंघोळीला गेले आणि तसेच बाहेर आले, पायाखाली काळं पाणी.

असे पंप साधारण ७ ते १० वर्षं चालतात. नुसता गुंगुं आवाज येतो पण पाणी उपसत नाही, ब्रेकर सारखा पडतो, किंवा पूर्वी अर्ध्या मिनिटात थांबायचा तो आता चालतच राहतो, असं दिसलं की वाट बघू नका. आणि पावसाच्या पाण्याचा सम्प पंप वेगळा हं, दोन्ही खड्डे शेजारी असले तरी तो पंप इथे चालत नाही.

माझं स्पष्ट मत, झाकण उघडलंच आहे तर पंपासोबत फ्लोट (पाण्याबरोबर वर तरंगून पंप चालू करणारं बटण), चेक व्हॉल्व्ह (वर गेलेलं पाणी परत खाली येऊ न देणारी झडप), झाकणाचं रबर, नटबोल्ट सगळं एकदमच नवीन घाला. पैसे थोडे जास्त जातात पण हे काम परत करायची कोणाची तयारी नसते. खड्ड्याची टाकी फुटलेली नसेल तर तीच राहू दे. आणि आधी टाउनशिपच्या ऑफिसला फोन करून परमिट लागतं का विचारा.

पंप घेताना तो २ इंचाचा घन मैला ढकलणारा आहे ना ते बॉक्सवर बघा. साध्या घराला अर्धा हॉर्सपॉवर बहुतेक पुरतो, पण खड्ड्याच्या तळापासून पाइप जिथे सगळ्यात उंच जातो तिथपर्यंत टेप लावून मोजा, कारण २ इंची पाइपमध्ये मिनिटाला निदान २१ गॅलन वाहिलं तरच मैला तळाशी न बसता पुढे जातो, आणि तुमच्या उंचीला पंप किती देतो याचा तक्ता कंपनी देते. झोलर, लिबर्टी या दोन्ही कंपन्यांचे पंप चांगले. मैला दळून ढकलणारा ग्राइंडर पंप घ्या म्हणून कोणी मागे लागेल, साध्या उताराच्या लाइनला त्याची गरज नसते.

कामाच्या दिवशी खाली पाणी सोडू नका असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा, बेसमेंटचं वॉशिंग मशीनही बहुतेक ह्याच खड्ड्यात सुटतं. पंपाला थोडी धुगधुगी असेल तर भिंतीतला फ्लोटचा प्लग काढून त्याच्या पाठीत खोचलेला पंपाचा प्लग सरळ भिंतीत लावा, खड्डा जवळपास रिकामा होतो. मग प्लगही काढा, ब्रेकरही पाडा. खिडक्या उघड्या, पंखा चालू, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याने नाकच बधिर होतं, म्हणून वास गेला म्हणजे गॅस गेला असं अजिबात समजू नका. डोकं खड्ड्यात घालायचं नाही, जवळ काही पेटवायचं नाही.

पाइप सोडवताना चेक व्हॉल्व्हच्या वरती पाणी भरलेलं असतं हे विसरू नका. वर बंद करायचा व्हॉल्व्ह असेल तर तो आधी फिरवा, आमच्याकडे नव्हता. ८ फूट पाइपमध्ये पाचेक लिटर सहज असतं, ते सगळं माझ्या हातावर आणि फरशीवर आलं. खाली बादली धरा. पंप वर आला तेव्हा फ्लोटच्या वायरला वाइप्सची वेणी घातल्यासारखा पीळ बसला होता, पाकिटावर फ्लश करा असं छापलेलेच वाइप्स.

नवीन पंप बसवताना त्याच्या लगेच वरच्या पाइपला, झाकणाच्या आत, चेक व्हॉल्व्हच्या खाली ३/१६ इंचाचं भोक पाडायचं, तिरकं, म्हणजे फवारा खाली खड्ड्यात पडेल. हे नसेल तर पंपात हवा अडकते आणि तो कोरडाच फिरत बसतो. पंपाच्या कागदावर भोकाबद्दल वेगळं काही लिहिलं असेल तर मात्र त्यांचंच ऐका. चेक व्हॉल्व्ह झडपेचा घ्या, स्प्रिंगचा नको, बाण वरच्या दिशेला, आणि सोल्युशनने चिकटवण्याऐवजी रबरी कपलिंगने बसवा, पुढच्या वेळी चार स्क्रू सोडले की काम झालं. त्याच्या वर पाइप बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह. फ्लोट हाताने वरखाली करून बघा, भिंतीला किंवा पाइपला घासता कामा नये.

झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, वायर जिथून निघते तिथलं रबर नीट बसवा. खड्ड्यातला गॅस बाहेर नेणारा व्हेंटचा पाइप परत जोडा आणि तो कधीही बूच मारून बंद करू नका. एक्स्टेंशन कॉर्ड नको. पाणी चढलं की ओरडणारा अलार्म मिळतो तो लावाच.

मग शॉवर सोडून ठेवा आणि शेजारी उभे राहून तीन-चार वेळा पंप चालू-बंद होताना बघा. प्रत्येक वेळी सगळे जॉइंट कोरड्या टिश्यूने पुसा, टिश्यू ओला झाला तर कपलिंग अजून आवळा.