जहाजावर सीपॅप: माझा अनुभव

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. मे महिन्यात जळगावच्या उन्हाळ्यात माझ्या सीपॅपचा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) ५ वर असतो, नाहीतर नाक कोरडं ठाक. मुंबईहून क्रूझला गेलो, तेव्हाही आकडा तोच ठेवला. रात्री २ वाजता नळीत हुक्क्यासारखी गुडगुड आणि मास्कमधून पाणी थेट मिशीवर! बायको दचकून म्हणाली, "अहो, जहाजात पाणी शिरलं की काय?"

एसीने केबिन गारठलेली, नळीतली हवा मात्र कोमट आणि दमट. मग वाफेचं पाणी होणारच. ह्युमिडिफायर २ वर आणला, नळी पांघरुणातून घेतली, मशीन उशीपेक्षा खाली ठेवलं. सकाळपर्यंत आवाज नाही.

सॉकेटचं रामायण त्याआधीचं. सॉकेट टेबलापाशी, पलंग चार हात लांब. घरून नेलेला सर्ज प्रोटेक्टरवाला (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) बोर्ड चढतानाच काढून घेतला होता. मी उगाच वाद घातला. जहाजाचं वायरिंग घरासारखं नसतं, तिथे तसल्या बोर्डाने आग लागू शकते. शेवटी केबिन सांभाळणाऱ्या पोराने साधी एक्स्टेंशन आणून दिली. व्होल्टेजचं टेन्शन नव्हतं, माझ्या अडॅप्टरवर १०० ते २४० छापलेलं आहे.

उतरायच्या दिवशी टाकीतलं पाणी ओतायला विसरलो. भुसावळ येईस्तोवर बॅगेतले कपडे ओले.