ईजीआर व्हॉल्व्ह खोलण्याआधी दोष त्याचाच आहे का ते बघा

डिझेल गाडी चढावर दम टाकते, मागून काळा धूर सुटतो, ॲव्हरेज पडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: ‘ईजीआर गेला.’ (ईजीआर म्हणजे जळालेला वायू इंजिनात परत फिरवण्याची सोय.) व्हॉल्व्ह साफ होतो किंवा नवा बसतो, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागतो. काजळी व्हॉल्व्हमध्ये साचते, पण तयार दुसरीकडे होते. कधीकधी तर व्हॉल्व्हचा दोषच नसतो.

उदाहरणाला १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन घेऊ. स्विफ्ट, व्हिस्टा, लिनिया, पुंटो यांच्यामुळे ते आपल्याकडे अजून भरपूर दिसतं.

जळालेल्या वायूचा काही भाग ईजीआर परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. आयडलिंगला आणि हलक्या रेसवर व्हॉल्व्ह उघडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो बंद झाला पाहिजे. उघडा अडकला, तर ताजी हवा कमी पडते: काळा धूर, मेलेला पिकअप, थरथरतं आयडलिंग. बंद अडकला, तर चालवताना बहुधा काहीच जाणवत नाही, फक्त दिवा लागतो.

आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०४०१ म्हणजे वायू कमी फिरतोय, पी०४०२ म्हणजे जास्त फिरतोय, पी०४०३ म्हणजे वायरिंग किंवा कॉइल. कोडवर थांबू नका, लाइव्ह डेटात हवेचं माप बघा. हिशोब सोपा आहे. १२४८ सीसी भागिले ४, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. व्हॉल्व्ह बंद असताना आयडलिंगला दर स्ट्रोकला मुंबईत साधारण ३२० मिलिग्रॅम हवा आत जायला हवी. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे ३०० च्या आसपास. व्हॉल्व्ह उघडला की हा आकडा बराच खाली येतो. स्कॅनरऐवजी मोबाइलला जोडायचा स्वस्तातला ब्लूटूथ ॲडॅप्टर ग्रॅम प्रति सेकंद दाखवतो. ८५० आरपीएमला ३०० मिलिग्रॅम म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या जवळपास.

आता स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडबंद करा. आकडा खालीवर झाला, तर व्हॉल्व्ह हलतोय. बंद करूनही आकडा खालीच राहिला, तर दोन शक्यता: व्हॉल्व्ह गळतोय, किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर खोटं बोलतोय. गाडी थंड असताना व्हॉल्व्हच्या गॅस्केटच्या (सांध्यातल्या पातळ पट्टीच्या) जागी पत्र्याचा तुकडा तात्पुरता घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला, तर दोषी व्हॉल्व्ह. नाही आला, तर एअर फिल्टर आणि सेन्सर तपासा. सेन्सरला एमएएफसाठीचाच स्प्रे वापरा, तारेला बोट लावू नका. तपासणी झाली की पत्रा काढून टाका.

टर्बोपासून इंटरकूलरमार्गे (दाबलेली हवा गार करणारी जाळी) इंजिनापर्यंतचे रबरी होज हाताने दाबून, क्लिपांजवळ वाकवून बघा. मोजलेली हवा चिरेतून बाहेर गेली, तरी डिझेल मोजलेल्या हवेच्याच हिशोबाने पडतं आणि काळा धूर येतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलून पैसे वाया जातात.

व्हॉल्व्हच दोषी ठरला, तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कनेक्टर सोडवा. बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा; ॲल्युमिनियममध्ये तुटलेला बोल्ट काढणं मूळ कामापेक्षा महाग पडतं. व्हॉल्व्ह निघाला की मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपाच्या) तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा. खरवडलेला कडक तुकडा सिलिंडरमध्ये जाता कामा नये.

आतली मळी डांबरासारखी चिकट असते: काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) आलेली तेलाची वाफ. व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक भाग वर येईल असा धरा, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरणार नाही. कार्ब क्लीनर मारून १५ मिनिटं थांबा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. व्हॉल्व्ह टेकतो ती कडा नीट बघा. तिथे तिळाएवढा दाणा राहिला तरी व्हॉल्व्ह बंद होत नाही. कॉस्टिक वापरू नका, ते ॲल्युमिनियम खातं. दांडा पकडीने ओढू नका, आतले गिअर तुटतात. साफ झाल्यावर तोंडात थोडं डिझेल ओता. थेंब पटापट गळले, तर कडा झिजली आहे. तो व्हॉल्व्ह बदलायचा.

चालू इंजिनाच्या हवेच्या पाईपात क्लीनर फवारण्याचा सल्ला मुळीच मानू नका. डिझेल इंजिन तो इंधनासारखा जाळतं आणि रेस आवरत नाही.

जोडताना गॅस्केट नवं घाला आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. मग कोड पुसा, स्कॅनरमध्ये सोय असेल तर व्हॉल्व्हचं लर्निंग करा (म्हणजे पूर्ण बंद असतानाची जागा कॉम्प्युटरला नव्याने शिकवा) आणि १५-२० किलोमीटर चालवून हवेचा आकडा पुन्हा बघा.

मळी ओलसर, कूलंटच्या वासाची निघाली, बाहेर गळती नसताना कूलंट घटतंय आणि सकाळी पांढरा धूर येतोय, तर बहुधा ईजीआर कूलर (परत येणारा वायू कूलंटने गार करणारा भाग) फुटला आहे. तो आधी बघा, नुसता व्हॉल्व्ह घासून उपयोग नाही.

‘पत्रा मारून कायमचं बंद करू’ हा उपाय गॅरेजमध्ये सर्रास सुचवला जातो. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, म्हणून तो खपून जातो. पण तो वायू आपल्याच गल्लीतली माणसं श्वासात घेतात. बीएस-४ ला त्याची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.०८ आहे. वायू फिरत नाही हे ईसीयूलाही (इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही) कळतं आणि पी०४०१ चा दिवा लागलेलाच राहतो.

काजळी का वाढली, हे शोधल्याशिवाय काम पुरं होत नाही. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे आहे का? ब्रीदर (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारी नळी) तुंबला आहे का? इंजेक्टरची रिटर्न गळती (न फवारता टाकीकडे परत जाणारं डिझेल) चारही सिलिंडरांना सारखी आहे का? कूलंटचा प्रवाह आवरणारा थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन ८० अंशांच्या आतच राहतंय का? रोज तीनचार किलोमीटरच चालणारी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर २५०० आरपीएमच्या आसपास चालवा. साचलेली मळी त्याने निघत नाही, पण नवी सावकाश बसते.

५०० किलोमीटरनंतर इंटरकूलरकडून येणारा होज काढून आत टॉर्च मारा. तेलाचा पातळ हात फिरलेला असेल तर ठीक. खाली तेल साचलेलं दिसलं, तर टर्बोचं सील आणि ब्रीदर बघायला घ्या.